घोडीच्या पाठीवरची शाल

तुमच्या लग्नात, नाहीतर तुमच्या भावाच्या, मित्राच्या लग्नात जी पांढरी घोडी दारात उभी होती, तिच्या खोगिराखाली हात घालून कुणी पाहिलं होतं का? फोटो तर सगळ्यांनी काढले असतील. कपाळावरच्या तुऱ्याचं कौतुक झालं असेल, बँडवर ती नाचली तेव्हा शिट्ट्या वाजल्या असतील. पण खोगीर उतरलं तेव्हा ती ओली होती की कोरडी, आणि तशीच ओली ती त्या गार वाऱ्यात कुठं गेली, हे कुणी विचारलं?

मीही विचारलं नसतं. पण आमच्या घरात आणि एका लग्नाच्या घोडीत फक्त एक भिंत आहे. तिला खोकला झाला की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो.

नांदेडच्या जुन्या वस्तीत खाली बाबांचा छापखाना आहे आणि वर आम्ही राहतो. लग्नपत्रिका आणि बिलबुकं बाबा पोटासाठी छापतात; पत्रकं जिवासाठी. हुंडा, दारूचं दुकान, नळाचं पाणी, कॉलेजची फी, भोंदूबाबा. मी अक्षरं ओळखायला शिकले ती पाठ्यपुस्तकातल्या कमळावरून नाही, ‘बंधू-भगिनींनो’ वरून. लहानपणी माझी पक्की समजूत होती, की जगातल्या प्रत्येक अडचणीवर एक पत्रक असतं; ते नीट छापायचं, चौकात वाटायचं, अडचण गेली. ही समजूत अजून पुरती गेलेली नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी अशी का वागले ते विचारावं लागणार नाही.

भिंतीपलीकडं चाचीचं अंगण. चाचीच्या वडिलांचे टांगे होते. टांगे गेले, ऑटो आले, आणि चाचा ऑटो चालवायला लागले. पण घोडी चाचीचीच. वडिलांनी माळेगावच्या यात्रेतून शिंगरू आणलं होतं, ते वाढवलं चाचीनं. नुकरी घोडी आहे, म्हणजे केस दुधासारखे पांढरे आणि खालची कातडी गुलाबी. आता तिचं वय झालंय. चाचीचंही झालंय, पण ते बोलून दाखवायची आमच्यात कुणाची हिंमत नाही.

“ऑटोत गॅस भरला की झालं,” चाची म्हणते. “घोडीशी बोलावं लागतंय. ह्यांना बोलायला नक्को, म्हणून ह्यांनी ऑटो घेतला.”

चाचा तोवर ऑटो घेऊन निघालेले असतात. त्यामुळं चाचीचंच खरं ठरतं.

दिवाळी झाली की घोडीच्या अंगावर केस दाटायला लागतात. उन्हाळ्यात जिचं अंग रेशमासारखं चमकतं, ती तुळशीच्या लग्नापर्यंत अस्वलाची मावशी दिसायला लागते. थंडीसाठी ही तिची रजई. अडचण अशी, की आमच्याकडं लग्नसराईही तेव्हाच सुरू होते. घोडीवर जाड गादीचं खोगीर, त्यावर नवरदेव, कधी नवरदेवापुढं त्याचा गुबगुबीत भाचा, समोर बँड, डोक्यावर दुपारचं ऊन. रजई पांघरून तुम्हाला कुणी नाचायला लावलं तर काय होईल? तेच तिचं होतं. घामानं निथळते. मग ऊन कलतं, वारा सुटतो, आणि त्या दाट केसांतला घाम काही वाळत नाही. छातीत गारवा बसतो.

म्हणून केस कापायचे. पण सगळे नाही. घाम येतो तिथले कापायचे: मान, छाती, पोट, बगला. पाठीवरचे, मागच्या पुठ्ठ्यांवरचे आणि पायांवरचे ठेवायचे. घाम वाळला पाहिजे आणि पाठ उबदार राहिली पाहिजे, एवढंच त्यामागचं गणित.

चाचीचा खांदा दुखायला लागल्यापासून मशीन माझ्या हातात आलं. आदल्या दिवशी घोडीला धुवायचं, कारण धुळीनं मशीनची पाती बोथट होतात. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली की तिला अंगणात उन्हात बांधायचं आणि पायांखाली बाबांची उरलेली पत्रकं पसरायची, म्हणजे केस गोळा करायला सोपं जातं. हुंड्याविरुद्ध बाबांनी लिहिलेल्या अनेक जळजळीत वाक्यांवर घोडीचे केस पडलेले मी पाहिलेत. सुरुवातीला मी यावर वाद घातला होता.

“अगं, वाटून उरलेलीच हायत की,” चाची म्हणाली. “लोकांनी वाचली न्हाईत, हिला तरी वाचू दे.”

मशीन सुरू करून आधी लांब धरायचं. तिचे कान मागं जातात, मग पुढं येतात. मग डावा तळहात तिच्या मानेवर सपाट ठेवायचा आणि मशीन आपल्याच हाताच्या पाठीवर टेकवायचं. थरथर आपल्या हातातून तिच्या अंगात जाते आणि तिला कळतं, की हे मरण नाही, नुसती गुदगुली आहे. केसांच्या उलट दिशेनं, लांब आणि एका दमात. बगलेत कातडी ओढून धरायची, नाहीतर घडीत पातं शिरतं. मधूनमधून पातं मनगटाला लावून पाहायचं. आपल्याला चटका बसला तर तिलाही बसणार. चाची समोर उभी राहून तिच्या कानात घरातल्या सगळ्या तक्रारी सांगत असते. घोडी डोळे मिटून ऐकते. चाचांपेक्षा चांगलं ऐकते, हे चाचीचं मत.

आमचं हे असं निवांत चाललं होतं. मग मधल्या एका हिवाळ्यात बिनसलं.

लग्नाची बुकिंगं घेणारा एकजण आहे. बँड, बग्गी, छत्र्या, घोडी, सगळं त्याच्याकडून ठरतं. माणूस वाईट नाही, फक्त त्याला सगळं चकाचक लागतं. त्या हिवाळ्यात बाहेरगावच्या लग्नात त्यानं चाचीला न विचारता घोडीला नाकापासून शेपटीपर्यंत मशीन मारून घेतलं. परत आली तेव्हा ती सोललेल्या बटाट्यासारखी दिसत होती. आठवड्याभरात खोकला सुरू झाला. जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, गोदावरीवरून वारा सुटला की चाची तिच्या अंगावर घरातली पांघरुणं टाकायची. चाचा शाल शोधत फिरायचे आणि ती घोडीच्या अंगावर सापडायची. होळीपर्यंत ती खोकत होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, या वयात पुन्हा असं झालं तर तिला झेपणार नाही.

म्हणून गेल्या वर्षी चाचीनं ठरवलं: पाठीला पातं लागणार नाही. अंगणात मशीन मारून झालं आणि बुकिंगवाला घोडी पाहायला आला. मान-पोट गुळगुळीत, पाठ आणि पुठ्ठे झुबकेदार.

“चाची, हे काय? अर्धी दाढी केलेला नवरदेव वाटायलाय.”

“तुला कुणी अर्धी दाढी करू नको म्हणलंय का?”

“जमाना बदलला, चाची. लोक मोबाईलवर फोटो बघून घोडी ठरवायलेत. ही अशी दाखवली तर म्हणतील, आजारी हाय.”

“साफ केली की आजारी पडती. मागच्याला पडली की न्हाई?”

“मग घरीच बसवा तिला.”

घरी बसवणं चाचीला परवडणारं नव्हतं. आणि घोडीलाही घरी बसणं आवडत नाही. चार दिवस बँड ऐकला नाही तर ती भिंतीला लाथा मारते आणि आमच्या छापखान्यातले कागद खाली येतात. दुसरी तरणी घोडी घे, असं चाचांनी एकदा सुचवलं होतं. त्यावर चाचीनं त्यांच्याकडं असं पाहिलं, की चाचांनी पुन्हा विषय काढला नाही. म्हणजे पेच असा होता: पाठीवरचे केस राहिले तर काम जातं, केस गेले तर घोडी जाते.

मी काय केलं? पत्रक लिहिलं.

‘मुक्या जिवाची रजई पळवू नका!’ हे शीर्षक. आत घोडी, थंडी, माणसाची हौस, बाजारू सौंदर्य, नवरीची गोरी कातडी आणि घोडीची गुळगुळीत कातडी यांतलं साम्य, असं बरंच काही होतं. मला अजूनही ते पत्रक चांगलं वाटतं. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.

“भांडवलशाही काढ,” ते म्हणाले.

“का? खोटं आहे का?”

“खरं आहे. पण घोडीच्या पाठीवर मावत नाही.”

मी काढली नाही. पत्रक गुलाबी कागदावर छापलं आणि बँडवाल्यांच्या दुकानांच्या रांगेत वाटलं. एकानं त्यावर भजी ठेवली. एकानं ट्रम्पेटच्या तोंडात कोंबलं. एक वयस्कर बँडवाला मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिला. मला भरून आलं. वाचून झाल्यावर तो म्हणाला, “ताई, छपाई एकदम झकास हाय. आमच्या बँडची कार्डं कितीत करून देता?”

त्या पत्रकातून बाबांना एक ऑर्डर मिळाली. घोडीला काही मिळालं नाही.

चाकूर तालुक्यात माझं आजोळ. मामा शेती करतो, आणि पोळ्याच्या आधी त्याच्या दारात बैलांची रांग लागते. पूर्वी कातरीनं आणि आता मशीननं तो बैलांच्या अंगावर नक्षी काढतो: वेली, मोर, मालकाचं नाव, आणि पाठीवरून लोंबणारी झालर. बैल उठतो तेव्हा झूल पांघरल्यासारखा दिसतो. मीही त्याच्या शेजारी बसून हात बसवून घेतला होता. मी फोनवर त्याला आमची अडचण सांगितली, पत्रक वाचूनही दाखवलं. दुसऱ्या परिच्छेदात त्यानं मला थांबवलं.

“अगं, पाठीवरचे केस ठेवायचेत ना?”

“हो.”

“मग नुसते सोडू नको. काठ काढ. नुसतं सोडलं की लोकाला वाटतंय, कट्टाळा केला. काठ दिसला की वाटतंय, हौस केली.”

मी फोन ठेवला आणि सरळ शिंप्याकडं जाऊन निळा खडू आणला. पांढऱ्या घोडीवर पांढरा खडू दिसत नाही, हे विचारायला मला पुन्हा फोन करावा लागला नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

चाचीनं एका बाजूनं दोरी धरली, मी दुसऱ्या बाजूनं. मानेच्या मुळापासून पुठ्ठ्यांपर्यंत, पोटाच्या वरून एक रेघ. पाय सोडले तर रेघेच्या खालचं सगळं आधीच कापलेलं होतं. वरचे केस तसेच दाट ठेवून त्यांच्या कडेला मी बोटभर रुंदीचा काठ उठवला, एक वेल, मध्ये पानं. पुठ्ठ्यावर दोन्हीकडं एकेक कोयरी. वेल काढून होईपर्यंत घोडी जागची हलली नाही. काम संपलं तेव्हा तिच्या पाठीवर केसांचीच एक जाड शाल होती, काठपदराची.

चाची मागं सरकून पाहत राहिली. मग चाचांना हाक मारली.

“बघा. माझ्या शादीत तुमच्या घरच्यांनी दिलेली शाल हिच्यापुढं पोतं होती.”

“ती शाल हिच्याच अंगावर फाटली,” चाचा म्हणाले. त्या वर्षातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य.

पहिलं लग्न उमरीला होतं. झूल घातली नाही, नुसतं लहान खोगीर, म्हणजे काठ दिसावा. मी सोबत गेले. खरं तर उत्तर द्यायला गेले होते. कुणी ‘अर्धी’ म्हणालं असतं तर माझ्या पिशवीत पत्रकं होती. पण कुणी म्हणालंच नाही. बायका जवळ आल्या. “शाल कुठून घेतली हो?” असं एकीनं विचारलं आणि पदर म्हणून हात लावला तर हातात केस. ती ओरडली, मग हसली, मग सगळ्यांना बोलावून आणलं. नवरदेवापेक्षा घोडीचे फोटो जास्त निघाले. नवरदेवाची आत्या त्यावरून थोडी रुसली.

मिरवणूक संपल्यावर खोगीर उतरवलं. मानेवरचा घाम बघता बघता वाळला होता. पाठीवर घोंगडी टाकली आणि ती आरामात कडबा खात उभी राहिली. परतताना टेम्पोत चाची पुढं बसून गाणं गुणगुणत होती. बुकिंगवाल्यानं तिथल्या तिथं ‘शाल कटिंग’ असं नाव ठेवून टाकलं आणि ते आपणच शोधून काढल्यासारखं सगळ्यांना सांगायला लागला. मी भांडणार होते. चाची म्हणाली, “घेऊ दे त्याला नाव. पाठ तर आपली राहिली ना?”

बाबांनी फोटो पाहिले. “हे पत्रक बरं आहे,” म्हणाले. “भांडवलशाही नाही यात.”

मग माळेगावची यात्रा आली. चाची दरवर्षी जाते. घ्यायचं काही नसलं तरी घुंगरं, तोंडाला बांधायची म्होरकी पाहायची आणि प्रत्येक घोड्याला नावं ठेवायची. मीही गेले. घोडेबाजारात शिरलो आणि मला लांबून काठ दिसला. मग आणखी एक. एका तांबड्या घोड्यावर मोर, एका काळ्यावर नागमोडी वेल. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! पत्रक वाटून जे झालं नाही ते एका घोडीनं केलं होतं. मी चाचीला ओढत जवळ नेलं.

जवळ गेल्यावर चाचीचा चेहरा उतरला. काठ होता. शाल नव्हती. कडेची वेल तेवढी केसांची ठेवून मधली सगळी पाठ मशीन मारून साफ केलेली. ज्या पाठीसाठी हा सगळा खटाटोप केला, तीच उघडी. तांबड्या घोड्याच्या पाठीवर चाचीनं हात ठेवला आणि काढून घेतला.

“कामून काढलं मधलं?” तिनं मालकाला विचारलं.

“काठ उठून दिसावा म्हणून.”

“अन् शाल?”

“शाल काय करायची, मावशी? बघणारे काठच बघायलेत.”

मी तिथल्या एका बाजेवर चढले आणि बोलायला सुरुवात केली. थंडी, घाम, पाठ, ऊब, सगळं सांगितलं. लोक जमले, मन लावून ऐकू लागले. शेवटी एकानं हात वर केला. मला वाटलं, शंका आहे. “ताई, हे मशीन बॅटरीवर बी चालतंय का?” मी कुठल्यातरी कंपनीकडून मशीन विकायला आलेय, असा सगळ्यांचा समज झाला होता.

चाची हसली नाही. टेम्पोत बसल्यावर एवढंच म्हणाली, “आता हे आपल्यापातूर येणार.”

पौषात लग्नं नसतात. तो महिना घोडी आणि आम्ही ऊन खात बसलो. कापलेले केस परत थोडे वाढले होते, ते मी पुन्हा उतरवले. शाल मात्र तशीच होती, दाट. माघ लागला आणि पहिलंच बुकिंग आलं ते चाकूरजवळचं, मामाच्याच गावातलं.

नवरदेवाच्या घरासमोर मांडव होता. ऊन उतरणीला लागलेलं, शेतावरून बोचरा वारा. घोडी उभी करतोय तोच नवरदेवाचे दाजी आले, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. व्हिडिओचं, फुलांचं, सगळं त्यांच्याकडं. त्यांनी मोबाईलवर यात्रेतला तो तांबडा घोडा दाखवला.

“असं पाहिजे होतं. मधलं साफ. हे केसाळ दिसायलंय.”

“हेच खरं हाय,” चाची म्हणाली. “ते चुकीचं हाय.”

“चूक-बरोबर सोडा, मावशी. न्हावी बोलावलाय मी. पाचच मिनिटाचं काम. मुहूर्ताआधी होऊन जातंय.”

आणि खरोखर गावचा न्हावी मशीन घेऊन मांडवाच्या कोपऱ्यात उभा होता. बिचारा घोडीकडं असा पाहत होता, जणू ती त्याच्याच खुर्चीत येऊन बसणार आहे.

चाचीनं बुकिंगवाल्याला फोन लावला. तो म्हणाला ते मलाही ऐकू आलं. “चाची, करून टाका. केस हायत, परत येतेत. न्हाई केलं तर पुढच्या तारखा मी दुसऱ्या घोडीला देतो, मग मला म्हणू नका.”

चाचीनं फोन बंद केला. घोडीच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या तोंडावर मला त्या खोकल्याच्या दिवसांतला चेहरा दिसला. मी पुढं झाले. “बंधू-भगिनींनो” असं म्हटलं नाही, पण आवाज तोच लावला. “ही घोडी म्हणजे तुमच्या सजावटीची वस्तू...”

लग्नाला आलेल्या मामानं मागून माझी ओढणी ओढली. “भाषण आवर. मुहूर्त हाय.”

तेवढ्यात नवरदेव बाहेर आला. अंगात पातळ रेशमी शेरवानी, दोन्ही हात बगलेत दाबलेले, दात वाजायचे बाकी होते. “काय झालं, दाजी?”

दाजी सांगायला लागले. चाचीनं त्यांना बोलू दिलं नाही.

“नवरदेव, हिकडं या. हात द्या.”

त्याला काही कळलं नाही, पण हात दिला. चाचीनं तो आधी घोडीच्या मानेवर ठेवला, जिथं मशीन मारलेलं होतं. “गार हाय?”

“हाव.”

मग तोच हात उचलून तिनं पाठीवरच्या केसांत घातला, बोटं बुडेपर्यंत. थोड्या वेळानं त्यानं दुसराही हात तिथं घातला. आणि काढेचना.

“अरे, चल,” दाजी म्हणाले. “उशीर व्हायलाय. न्हाव्याला बोलवू का?”

“थांबा की, दाजी. हितं लई गरम हाय.”

लोक हसायला लागले. मामा तर पोट धरून. दाजींचा आवाज चढला. “अरे, व्हिडिओत चांगलं दिसाय पाहिजे! लोक काय म्हणतील?”

“पण मधलं दिसणार कुणाला?” नवरदेव म्हणाला, हात अजून केसांतच. “त्याच्यावर खोगीर येतंय, अन् खोगिरावर मी. का मला बी उचलून कडंला ठेवता?”

आता बँडवालेही हसत होते. दाजींनी मोबाईल खिशात टाकला. चाची न्हाव्याकडं वळली. “भाऊ, आलाच हायत तर ह्यांच्या मिशीचं बघा. एक बाजू लांब हाय.” आणि दाजींनी खरंच मिशीला हात लावून पाहिला.

घोडी त्या दिवशी अशी नाचली, की म्हातारी आहे म्हटलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं. मारुतीच्या देवळापर्यंत वेळ लागला, कारण प्रत्येक चौकात मामालाच नाचायचं होतं. देवळासमोर नवरदेव उतरला. करवल्या, फोटोवाला, भटजी, सगळे त्याला आत ढकलत होते. तो थांबला. चाची खोगीर उतरवत होती.

“मावशी, ओली तर न्हाई ना झाली ती?”

चाचीनं मान वर केली. इतक्या वर्षांत, इतक्या नवरदेवांत, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

“तुम्हीच बघा,” ती म्हणाली.

त्यानं खोगिराच्या जागी हात लावला. तिथं जरा दमट होतं, मान कोरडी होती. मी घोंगडी झटकली, त्यानं तिचं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि आम्ही ती घोडीवर टाकली. फोटोवाला ओरडत होता, “नवरदेव, हिकडं बघा!” त्यानं बघितलं नाही. हे टोक नीट बसलंय का ते पाहत होता.

बुकिंगवाल्यानं म्हटल्याप्रमाणं पुढच्या काही तारखा दुसऱ्या घोडीला दिल्याच. मग त्या नवरदेवाच्या गोतावळ्यातून चाचीला थेट फोन यायला लागले, ‘ती गरम पाठीची घोडी’ म्हणून. बुकिंगवाला थोडे दिवस फुगून बसला, नंतर अंगणात येऊन चहा पिऊन गेला. दाजींची मिशी आता सरळ आहे, असं मामा सांगतो.

घोडी त्या हिवाळ्यात एकदाही खोकली नाही. फाल्गुनात ऊन तापलं आणि तिची शाल आपसूक झडायला लागली. खरारा फिरवला की मूठमूठ पांढरे केस. वेल गेली, कोयऱ्या गेल्या. चिमण्या ते केस उचलून आमच्या छापखान्याच्या वळचणीला नेत होत्या. चाची खाटेवर बसून त्यांना शिव्या देत होती, पण उठत नव्हती.

आता पुन्हा दिवाळी झालीय. अंगणात दोरी, निळा खडू आणि तेल पाजलेलं मशीन तयार आहे. पण उघड्या पाठीचे काठ सगळीकडं सुरू आहेत. काल एका बोर्डावर मी तसा घोडा पाहिला. सगळ्यांच्या अंगणात मला जाता येणार नाही, आणि पत्रकाचं काय होतं ते तुम्ही वाचलंतच. म्हणून हे तुमच्याकडं मागते. या हंगामात तुमच्या घरी लग्न असेल आणि घोडी ठरवायला तुम्ही जाल, तेव्हा ठरवणाऱ्याला सांगा, की पाठीवरचे केस ठेवा, आम्हाला तशीच चालेल. आणि मिरवणूक संपल्यावर, नवरदेव आत गेला तरी, तुम्ही दोन मिनिटं बाहेर थांबा. खोगीर उतरलं, की तिच्या पाठीला हात लावा. ओली असेल तर तिला वाऱ्यातून मांडवाच्या आडोशाला घ्या, आणि घोंगडीचं एक टोक धरा.